समोरच्या दाराने

माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे दोघांनी मिळून अर्ज करायचा, किमान सहा महिने थांबायचे आणि मग पुन्हा न्यायालयापुढे उभे राहून आपला विचार बदललेला नाही असे सांगायचे, अशी याची रीत आहे. मधला अवधी न्यायालय माफ करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलेले आहे. पण या दोघांना घाई नव्हती आणि भांडणही उरले नव्हते, त्यामुळे त्यांनी तो अवधी पुरा होऊ दिला. ओरोसच्या जिल्हा न्यायालयाच्या फेऱ्या संपल्या, हुकूमनाम्याची प्रत हाती आली आणि ती मालवणला आईकडे कायमची राहायला आली. आम्ही तिघी मैत्रिणी तिच्यासाठी काहीतरी करावे म्हणून विचारायला गेलो, तेव्हा तिने साडी, सहल, देवदर्शन हे सगळे बाजूला सारले आणि एकच गोष्ट मागितली. ‘‘माका परमिट रूममध्ये समोरच्या दारान जावचा हा,’’ ती म्हणाली, ‘‘आणि एकाच नाय, दोन-चार ठिकाणी.’’

या मागणीमागची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. संसाराच्या सगळ्या वर्षांत नवऱ्याच्या मित्रमंडळींबरोबर जेवायला जाणे झाले, की पुरुष पुढच्या दालनात बसत आणि बायका-मुले बाजूच्या दाराने पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये जात. तिला स्वतःला एखादा पेग वर्ज्य होता असे नाही. गोव्यात गेल्यावर ती सर्वांसमक्ष घेत असे. पण पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे आले, की तीच बाई पडद्यामागे बसून सोलकढी पिणार, हा अलिखित नियम होता. बाईने समोर बसू नये असे कोणत्याही कायद्यात नाही. पुढचे दालन परमिट रूमचे असते आणि परवाना असलेल्या प्रौढ माणसाने तेथे बसावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आमच्यातील एक पुण्याला असते. तिच्या मते एवढ्यासाठी सरळ पणजी गाठावी, खोली घ्यावी आणि पायी फिरता येतील असे बार पाहावेत. पुण्यात किंवा पणजीत ते सोपे आहे यात शंका नाही, कारण तेथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. पण आमच्या मैत्रिणीला अनोळखी राहायचेच नव्हते. ज्या गावात ती उद्या भाजी घेणार, बँकेत जाणार, मुलीला शाळेत सोडणार, त्याच गावात तिला बसायचे होते. दुसरी सूचना आली ती गोव्याहून काजूची फेणी आणून कोणाच्या तरी घरी बसण्याची. हीही मी मोडून काढली. गोव्यात विकली जाणारी दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका त्यासाठीच आहे. शिवाय घरी बसलो तर समोरचे दार आले कुठे?

मालवणात अशी संध्याकाळ आखताना पहिला प्रश्न पैशाचा किंवा अंतराचा नसतो, तो वाराचा असतो. सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा उपास कोणाचा ना कोणाचा असतोच, आणि मंगळवारही काहींच्या घरी पाळला जातो. आमच्याकडे मासळीचे हक्काचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी पर्यटकांची झुंबड असते आणि बुधवारी दुसऱ्या दिवशीची नोकरी डोक्यावर असते, म्हणून शुक्रवार ठरला. महिना ठरवायला जास्त वेळ लागला. मार्गशीर्षात एकीच्या सासरी मासळी शिजत नाही. डिसेंबरच्या अखेरीस गावात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीच्या सुमारास आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा असते आणि तिची तारीख तिथीवर नव्हे तर देवीच्या कौलावर ठरत असल्याने आधीपासून काही गृहीत धरता येत नाही. त्या काळात मुंबईहून एवढी माणसे येतात, की वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्रही शेजारच्या टेबलावर बसलेला निघेल. राहिला जानेवारी. त्यातही 26 आणि 30 जानेवारी हे कोरडे दिवस, म्हणजे त्यांच्या मधला आणि पुढचा शुक्रवार कोणत्या तारखेला येतो हे पाहणे आले. निवडणुकीची घोषणा झालेली असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तासही वगळावे लागतात, हे ज्यांना अशी आखणी करायची असेल त्यांनी ध्यानात ठेवावे.

संक्रांत आणि रथसप्तमी यांच्यामधला शुक्रवार मी निवडला तो मात्र केवळ दिनदर्शिका पाहून नव्हे. हे दिवस हळदीकुंकवाचे. आधीच्या वर्षापर्यंत जिला आठ-दहा घरांतून बोलावणे येत असे, तिला या वर्षी बोलवायचे की नाही या पेचात अर्धा गाव पडणार, हे आम्हाला दिसत होते. बोलावणाऱ्या बायका वाईट नसतात; त्यांना कसे वागावे हे सुचत नाही, म्हणून त्या गप्प राहतात, आणि ते गप्प राहणे सहन करीत घरी बसून राहण्यापेक्षा त्याच दिवसांत तिच्याकडे स्वतःचे एक बोलावणे असावे असे मला वाटले. मी हे तिला बोलून दाखवले नाही. तारीख ऐकल्यावर ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि ‘‘वाण कसला देतलंस?’’ एवढेच तिने विचारले.

त्या प्रश्नावरूनच भेटवस्तू सुचली. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो ही गोष्ट निम्म्या पिणाऱ्यांना माहीत नसते आणि उरलेले निम्मे ती विसरलेले असतात. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली हा परवाना दिला जातो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना 5 रुपयांना दुकानात किंवा परमिट रूममध्येच मिळतो, वर्षाचा 100 रुपयांना आणि आजन्म परवाना 1000 रुपयांना उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करून घेता येतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची, इतर मद्यासाठी 25 वर्षांची. आम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बायका असल्यामुळे ती अडचण नव्हती. तिघींनी वर्गणी काढून तिला आजन्म परवान्याचे शुल्क द्यायचे ठरवले. कायद्याच्या भाषेत असा परवाना आरोग्य राखण्यासाठी ज्याला मद्याची गरज आहे त्याला दिला जातो. हे तिला वाचून दाखवले तेव्हा, न्यायालयातील सगळ्या कागदांपेक्षा हा कागद आपल्याला अधिक समजून घेणारा आहे, असे ती म्हणाली. अर्ज तिने स्वतःच संकेतस्थळावर भरला.

यानंतरचे काम म्हणजे जागा पाहणे, आणि ते मी एकटीने, दुपारच्या वेळी केले. दुपारी मालक निवांत असतो, पंखे बंद असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते आणि जागेचे खरे रूप दिसते. गावातल्या भरड नाक्यापासून बाजारपेठेतून बंदराकडे जाणारा रस्ता मी पक्का केला होता, कारण तो आमच्या पायाखालचा आहे आणि चौघींना गप्पा मारत चालता येईल एवढाच आहे. त्या पट्ट्यातील आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतील परमिट रूम, बिअर बार आणि दारूचा परवाना असलेल्या खानावळी मी पाहिल्या. चवीची चौकशी मी केलीच नाही. मालवणात वाईट मासळी देऊन कोणाचा धंदा चालत नाही. मी पाहिले ते संडास.

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुरुषांनी केलेल्या कोणत्याही आखणीत तो येत नाही. चार बायका तीन-चार ठिकाणी मिळून चार तास काही ना काही पिणार असतील, तर प्रत्येक ठिकाणी आतून कडी लागणारा, दिवा असलेला, पाणी असलेला संडास लागतो. एका ठिकाणी सगळे उत्तम होते, पण दाराची कडी चौकटीच्या भोकापासून बोटभर वर बसवलेली होती. दार खांद्याने उचलून धरले तरच ती सरकत असे. मालकाला मी ते दाखवले. त्याने आत जाऊन स्वतः दार उचलून पाहिले आणि इतक्या वर्षांत कोणी सांगितले नाही म्हणून नवल केले. सांगणार कोण? ती वापरणाऱ्या बायका मागच्या फॅमिली रूममधून यायच्या आणि मुकाट्याने एक दुसरीसाठी बाहेर उभी राहायची. आम्ही जाईपर्यंत तेथे नवी कडी बसलेली होती. दुसऱ्या एका चांगल्या जागेत बायकांसाठी सोयच नव्हती, ती मी यादीतून काढली.

यादीतून आणखी एक जागा गेली ती वेगळ्या कारणाने. तिचा पूर्वीचा नवरा शुक्रवारी आपल्या मित्रांबरोबर जेथे बसतो ती जागा आम्हाला माहीत होती. तो भला माणूस आहे आणि समोर आला असता तर त्याने विचारपूसही केली असती. परंतु त्याची शुक्रवारची जागा ही त्याची आहे आणि ती त्याच्याकडेच राहावी, असे माझे मत होते. घटस्फोटात भांडी, दागिने, बँकेतील ठेवी यांची वाटणी होते तशीच गावातील जागांचीही होते, फक्त तिची नोंद कोठे होत नाही.

मालकांशी आधी बोलून ठेवावे की अचानक जावे, यावर आमच्यात मतभेद होता. पुण्याच्या मैत्रिणीला आधी सांगणे म्हणजे परवानगी मागणे वाटत होते. मला तसे वाटले नाही. लहान गावात अचानक गेले, की वेटर गोंधळतो, सवयीने पडदा उचलून धरतो आणि आपल्याला तेथेच त्याच्याशी वाद घालावा लागतो. मग ती संध्याकाळ बसण्याची न राहता वादाची होते. म्हणून मी प्रत्येक मालकाला सांगितले, की आम्ही चौघी येणार, पुढच्या दालनात बसणार, टेबल भिंतीकडचे असावे आणि टीव्हीच्या थेट खाली नसावे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतील वयस्कर मालकाने हे ऐकून काळजीने विचारले, ‘‘आमच्याकडे फॅमिली रूम आसा मगे, एसी आसा.’’ मी म्हणाले, ‘‘फॅमिली नको झाली म्हणानच येतव, अण्णा.’’ त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गल्ल्यावरच्या गणपतीसमोरची उदबत्ती नीट केली आणि कोपऱ्यातले टेबल दाखवून ते राखून ठेवतो म्हणून सांगितले.

पिण्याचा हिशेब मात्र कागदावर मांडावा लागला. ‘मी फक्त बिअर घेणार’ म्हणणारी व्यक्तीच सगळ्यात आधी कोलमडते, आणि त्याचे कारण साधे आहे. आपल्याकडच्या रम किंवा व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण 42.8 टक्के असते, म्हणजे 30 मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क. स्ट्राँग बिअरमध्ये ते 8 टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे 650 मिलिलिटरच्या एका मोठ्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम. अर्थात एक बाटली म्हणजे चार लहान पेग. शरीर साधारणपणे तासाला एका लहान पेगाएवढाच मद्यार्क निकाली काढते आणि लिंबूपाणी, ताक किंवा काळी कॉफी यांनी ती गती वाढत नाही. यावरून आमचा नियम ठरला: एका ठिकाणी एक लहान पेग किंवा दोघींत मिळून एक साधी बिअर, तिच्याबरोबर पाण्याचा पूर्ण ग्लास, आणि पहिल्या ठिकाणापासूनच पोटात काहीतरी घन. नुसत्या शेंगदाण्यांवर आणि मसाला पापडावर पहिला तास काढू नये. मीठ तहान वाढवते आणि तहानेला माणूस समोर असेल ते पितो.

परतीची व्यवस्था आमच्यातील माळकरी मैत्रिणीने उचलली. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे ती दारूला आणि मासळीलाही शिवत नाही, पण येणार नाही असे ती एकदाही म्हणाली नाही. गाडी बंदराच्या बाजूला संध्याकाळीच नेऊन ठेवायची आणि शेवटी प्रत्येकीला दारात सोडायचे, हे तिचे काम. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडला, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका पेगाने काही होत नाही म्हणून स्कूटर काढणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणीला मी ते दोनदा ऐकवले. माळकरी मैत्रिणीसाठी प्रत्येक ठिकाणी काय मिळेल हेही विचारून ठेवले होते, आणि एका मालकाने तर घरून काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि घावने आणून ठेवण्याचे कबूल केले.

बोलण्याचेही काही नियम ठरले, आणि ते माझ्या मैत्रिणीनेच घातले. केक नको. ‘सुटलीस एकदाची’ असे कोणी म्हणायचे नाही. फोटो काढायचे तर काढा, पण स्टेटसला लावायचे नाहीत. तो विषय तिने काढला तर बोलायचे, नाहीतर इतर वाटेल ते बोलायचे. मी यात एकच भर घातली: ती म्हणेल त्या क्षणी उठायचे आणि कारण विचारायचे नाही. आणि तिच्या आईला काय सांगायचे? सिनेमा, वाढदिवस, भजन अशा सबबी सुचवून झाल्या. शेवटी तिने खरेच सांगितले. आईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि रात्री दाराला कडी घालू की नको एवढेच विचारले.

प्रत्यक्ष संध्याकाळी भरडावरच्या पहिल्या ठिकाणी आम्ही साडेसहालाच पोहोचलो. लवकर जाण्यामागे विचार होता: दालन भरलेले असताना चौघींनी आत शिरणे आणि आपण बसलेल्या असताना इतरांनी आत येणे यांत मोठा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात नवखे ते असतात. काळ्या काचेचे दार तिने स्वतः ढकलले. आत दोनच टेबले लागलेली होती. वेटरने न विचारता चार ब्रीझर आणू का म्हटले. तिने रम, सोडा आणि लिंबू सांगितले, आणि परवाना पाहायचा आहे का असेही विचारले. आयुष्यात त्याला हा प्रश्न कोणी केला नसावा. त्याने तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला, गल्ल्यावर नेऊन मालकाला दाखवला आणि परत आणून दिला. तळलेले सौंदाळे आले, ते कुरकुरीत होते. हळूहळू माणसे आली, त्यांनी पाहिले, आपापल्या जागी बसली आणि कबड्डीच्या सामन्याकडे तोंड केले.

दुसऱ्या ठिकाणी नियोजन थोडे हलले. रात्रीच्या क्रिकेट स्पर्धेतील एक अख्खा संघ तेथे येऊन बसला होता आणि राखून ठेवलेल्या टेबलावर त्यांच्या बॅगा होत्या. अण्णांनी त्या उचलायला लावल्या, पोरांनी ‘‘बसा वयनी’’ म्हणत खुर्च्या पुसून दिल्या. ‘वयनी’ ऐकून आम्ही तिघींनी तिच्याकडे पाहिले. तिने त्यांतल्या एकाला ओळखले. तो तिच्या शेजारच्या वाडीतला होता. ‘‘ताई म्हण,’’ ती म्हणाली, आणि त्यानंतर तो जाईपर्यंत ताईच म्हणत राहिला. या ठिकाणी गोंगाट फार होता, त्यामुळे आम्ही लवकर उठलो. तिसरी जागा वगळून थेट जेवायला जायचे तिनेच ठरवले. मला त्यात हरकत नव्हती. एका संध्याकाळी चार ठिकाणे कागदावर बरी दिसतात, पण बायकांच्या गप्पांना एक चांगली, हालवाहालव नसलेली जागा पुरते.

बंदराच्या बाजूच्या खानावळीत सुरमई, तिसऱ्यांचे सुके आणि वडे असा बेत होता. कुर्ल्या मी मुद्दाम सांगितल्या नव्हत्या, कारण त्या अमावास्येच्या सुमारास भरलेल्या मिळतात आणि ही अमावास्या नव्हती. शिवाय कुर्ली फोडताना बोलणे थांबते. येथे तिने दुसरा आणि शेवटचा पेग घेतला आणि मग आपण होऊन तो विषय काढला. काय बोलली ते येथे सांगण्याचे कारण नाही. माळकरी मैत्रीण सगळ्यांत जास्त बोलली, हे मात्र सांगायला हवे. तिला जे माहीत होते ते आम्हा पिणाऱ्यांना माहीत नव्हते. बिलावरून थोडी ओढाताण झाली आणि जिच्यासाठी आलो होतो तिने ते कोणालाही देऊ दिले नाही, तेव्हा आम्ही परवान्याचे शुल्क आमच्याकडे लागू म्हणून सांगितले.

सकाळी आठच्या आत बातमी तिच्या आईपर्यंत पोहोचली होती, अर्थात माझ्या मैत्रिणीकडून नव्हे. मासे विकणाऱ्या बाईने दारातच सगळा तपशील सांगितला होता: कोठे बसलो, कोण आले, काय खाल्ले. तिच्या आईने मला फोन केला तेव्हा मी थोडी सावरूनच बोलू लागले. त्यांची तक्रार वेगळी होती. ‘‘गो, हॉटेलात इतके पैशे देवन सुरमय खाल्लास? माका सांगला असता तर बंदरावरसून ताजी हाडली असती.’’